राखून

क्लाक्सविकच्या बंदरातल्या एकोणचाळीस होड्यांची नावं
माझ्या हातची आहेत.
चाळिसावीवर अडलो.
'सिग्रून'. शेवटचं अक्षर
पाण्यात पडलेल्या दोरीसारखं हललं.
एइविंडने पैसे पुरते दिले,
आणि दुसऱ्या दिवशी पहाटे,
मला दिसू नये म्हणून पहाटे,
टर्पेंटाइनने ते अक्षर पुसून टाकलं.

डॉक्टर बिरिताने कागद पुढे सरकवला:
एक वाक्य लिहा, कुठलंही.
मी लिहिलं, आज वारा ईशान्येचा आहे.
'आज' अंगठ्याएवढा होता.
'आहे' तिळाएवढं.
तिने कागद उलटा ठेवला. रोगाचं नाव
तिच्या आधी सुन्वाने घेतलं, माझ्या बायकोने,
वाणसामानाची यादी वाचावी तसं.

मग गोळ्या.
एक सौम्य, सकाळी एकदाच घ्यायची.
देते थोडं, मागते थोडं.
दुसरी मेंदूला थाप मारते
की रसद पोचली,
आणि मेंदू कधी कधी फारच खूश होतो.
माझी मावसबहीण मालान तिच्या पायी
रात्री रात्री जागून मागवत बसायची,
अकरा शिवणयंत्रं आली बोटीने.
मालानला साधा टाका घालता येत नाही.

लेवोडोपाचं नाव बिरिताने शेवटी घेतलं.
मला याकुप आठवला, तेरा वर्षं तीच घेणारा.
चर्चमध्ये स्तोत्र चालू असताना
त्याचे खांदे भलत्याच तालावर जातात,
जणू त्याला एकट्याला दुसरी चाल ऐकू येते.
लोक समोर बघतात. मीही समोरच बघायचो.

तेव्हा मी ठरवलं: ती राखून ठेवायची.

आमच्या घरामागे फटीफटींच्या भिंतींची खोली आहे,
तिच्यात मेंढ्याचं मांस वाऱ्यावर वाळतं.
ऑक्टोबरात टांगायचं, नाताळापर्यंत हात लावायचा नाही.
आई म्हणायची, जो आधी सुरी काढतो
तो मार्चमध्ये शेजाऱ्याचं दार वाजवतो.
हे मी बिरिताला सांगितलं. थोडा ऐटीतच.

ती हसली नाही. तिचा बापही मेंढपाळ.
म्हणाली, हानुस, गोळी कुठे पळून जात नाही.
पाच वर्षांनीही ती तीच असेल.
त्या खोलीत टांगलेले तुम्ही आहात.

मग बराच वेळ खिडकीतलं धुकं बघत होतो तिघं.
याकुपसारखं होणार नाही, असं मी लिहून देणार नाही,
ती म्हणाली. कमीत कमीवर सुरू करू.
हळूहळू चढू.

रात्री सुन्वाने विचारलं,
राखतोस ते कशासाठी?
आठ महिने ती माझ्या सदऱ्याची बटणं लावते आहे
आणि आम्ही दोघं त्याला प्रेम म्हणतो.
आहेच म्हणा.
पण बटणं ती बटणंच.
माझ्याकडे उत्तर नव्हतं. हात मात्र
पांघरुणाखाली आपलं म्हणणं मांडत होता.

तर आता अर्धी गोळी, दिवसातून तीनदा,
जेवणाआधी अर्धा तास.
मांसाशी तिचं पटत नाही,
एकाच दारातून दोघांना आत जायचं असतं
आणि मांस अंगाने दांडगं.
म्हणून घड्याळ बघत बसतो, समोर थंड बटाटा,
खोलीतून वाळल्या मेंढ्याचा वास येत असतो
आणि मी त्याला सांगतो, थांब, तुझी वेळ आठ वाजता.
पहिले दहा दिवस नुसतं मळमळलं.
बायकोला म्हटलं, जमिनीवर बोट लागली!

काल, म्हणजे पाचव्या मंगळवारी, वरचं बटण मीच लावलं.
सुन्वा केतली उचलून स्वयंपाकघरात गेली.
केतली भरलेलीच होती.

दुपारी ब्रश घेऊन बंदरावर गेलो.
'सिग्रून' अजून एका अक्षराने उणी.
मनगट काठावर टेकवलं, श्वास सोडला, ओढली रेघ.
सरळ आली असं म्हणणार नाही.
वळणावर जराशी दचकली, पुढे निघाली.
एइविंड लांबून जाळं सोडवत होता,
जाळ्यात गुंता नव्हता.

आज पहाटे उठून जाईन म्हणतो,
बघायला,
पुसलंय का.